‘लिहून दिली’ की ‘लिहून देईन’?

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात:

“मे १९९६ मध्ये वडिलांनी शेजारच्या गटातली २२ गुंठे जिरायत जमीन ३३,००० रुपयांना घेतली. २० रुपयांच्या स्टॅम्पवर गावातल्या एका जाणत्या माणसाने मजकूर हाताने लिहिला. विकणाऱ्याने अंगठा दिला, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. कागदात म्हटलंय: ‘सदर जमीन तुम्हांस कायम फरोक्त दिली असून पूर्ण रक्कम पावली, कब्जा आज रोजी दिला आहे, तुम्ही सुखे वहिवाट करावी. सरकारी अडचण दूर होताच रजिस्टर खरेदीखत तुमचे खर्चाने करून देईन.’ खरेदीखत कधीच झालं नाही. जमीन मात्र तेव्हापासून आम्हीच कसतो. आंबे लावले, पाइपलाइन आणली. सातबारा त्यांच्याच नावे राहिला. विकणारे वारल्यावर त्यांच्या दोन मुलांची आणि एका मुलीची वारसनोंद झाली. आमचे वडील २०१९ मध्ये गेले. आता शेजारून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण होणार आहे आणि धाकट्या मुलाच्या वकिलाची नोटीस आली: हाताने लिहिलेल्या, नोंदणी नसलेल्या कागदाला कायद्यात किंमत नाही, जमीन सोडा. चुलतभाऊ म्हणतो, बारा वर्षं कधीच उलटली, जमीन आपलीच. मेहुणे म्हणतात, कागद आता नोटरी करून घ्या. तलाठ्याकडून नोंद घालून घ्यावी, असंही एकाचं मत आहे. दोनपैकी एकच साक्षीदार हयात आहे, त्यांचं वय ८१. आम्ही मालक आहोत की नाही?”

नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकू. कायद्याच्या अर्थाने आज तुम्ही मालक नाही. पण नोटीस पाठवून जमीन सोडायला लावण्याइतके ते वारसही मोकळे नाहीत. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत तुमचं प्रकरण उभं आहे आणि ती जागा तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच मोठी आहे.

नोटिशीतला ‘हाताने लिहिलेला’ हा आक्षेप तुम्ही मनावर घेऊ नका. दस्त टंकलिखित असावा, छापील असावा, अमुकच कागदावर असावा असं ना संपत्ती हस्तांतरण अधिनियम, १८८२ म्हणतो, ना नोंदणी अधिनियम, १९०८. उलट हस्तलिखिताचा एक फायदा असतो. ज्याने लिहिलं तो लेखनिकही साक्ष देऊ शकतो, आणि तो हयात नसेल तर त्याचं अक्षर ओळखणारी माणसं गावात असतात. निरक्षर माणसाचा अंगठाही सहीच धरला जातो. कागदावर ‘निशाणी डावा अंगठा’ असं लिहून पुढे त्यांचं नाव आहे का आणि ते नाव कोणी लिहिलंय, एवढं पाहून ठेवा.

नोंदणी नसल्याचा आक्षेप मात्र खरा आहे. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, असं १८८२च्या कायद्याचं कलम ५४ सांगतं. पैसे पूर्ण दिले, ताबा मिळाला, सगळ्या गावाला ठाऊक आहे, तरीही मालकी हलत नाही. कुलमुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र यांच्या जोडीवर जमिनी ‘विकण्याची’ पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०११च्या सूरज लॅम्प प्रकरणात मोडीत काढली ती याच कलमाच्या आधाराने.

इथवर आलं की बहुतेक लोक कागद रद्दीत काढतात. ती चूक करू नका. नोंदणी अधिनियमाचं कलम ४९ म्हणतं की नोंदणी सक्तीची असूनही न केलेल्या दस्ताने मालकी जाणार नाही. पण त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे अपवादाच्या भागात, अशा दस्ताला दोन कामं ठेवली आहेत. करार पुरा करून मागण्याच्या दाव्यात तो ‘असा करार झाला होता’ याचा पुरावा होऊ शकतो. आणि आनुषंगिक गोष्टीचा, म्हणजे ताबा केव्हा आणि कोणत्या नात्याने मिळाला याचा, पुरावा होऊ शकतो. नोंदणी नसलेलं खरेदीखतही विक्रीचा करार म्हणून वाचता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून ‘कागद खरा की खोटा’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि या कागदाकडून नेमकं कोणतं काम करून घ्यायचं, ते ठरवा.

त्यासाठी कागद पुन्हा वाचावा लागेल आणि वाचताना क्रियापदावर बोट ठेवावं लागेल. तुमच्या कागदात दोन क्रियापदं आहेत. ‘कायम फरोक्त दिली’ म्हणजे विक्री झाली, विषय संपला. (फरोक्त हा फारसी शब्द आपल्याकडे दस्तांत तेवढा जिवंत राहिला आहे.) पुढच्याच वाक्यात ‘खरेदीखत करून देईन’ येतं, म्हणजे विक्री व्हायची आहे, तूर्त वचन दिलंय. गावातले असे कागद बहुधा दुहेरीच असतात, कारण लिहिणाऱ्याला दोन्ही बाजूंचं समाधान करायचं असतं. न्यायालयात मात्र या दोन वाक्यांतून दोन वेगळे रस्ते फुटतात, आणि एका रस्त्यावर टाकलेलं पाऊल दुसरा बंद करू शकतं.

आधी ‘सरकारी अडचण’ काय होती, ते शोधा. पत्रात तुम्ही ते शब्द सहज उतरवलेत, पण सगळ्या कागदात तेच सर्वांत महत्त्वाचे असू शकतात. २२ गुंठे हा तो अख्खा गट होता की मोठ्या गटातून तोडून दिलेला तुकडा? तोडून दिला असेल तर १९४७चा तुकडेबंदी कायदा आडवा आला असणार. जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा वेगळा करून विकता येत नाही ते) तेव्हा याहून बरंच मोठं होतं, त्यामुळे असा दस्त दुय्यम निबंधकाकडे चालला नसता. म्हणूनच लोक स्टॅम्पवर लिहून घेत. दुसरी शक्यता, जमीन भोगवटादार वर्ग २ची, म्हणजे नवीन शर्तीची किंवा कुळकायद्याने मिळालेली असेल आणि विक्रीला परवानगी लागत असेल. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग आणि ‘इतर हक्क’ हे रकाने पाहिले की हे कळतं. शर्त मोडून झालेल्या व्यवहारात धोका वेगळा आहे. तिथे सरकारच मधे येऊ शकतं, म्हणून त्या बाबतीत वकिलाला विचारल्याशिवाय एकही अर्ज करू नका.

तुकडेबंदीचीच अडचण असेल तर एक चांगली गोष्ट घडून गेली आहे. ऑगस्ट २०२३च्या अधिसूचनेने प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे झालं. तुमचे २२ गुंठे त्या रेषेच्या वर आहेत. विकणाऱ्याकडे उरलेला भागही २० गुंठ्यांच्या खाली जात नसेल, तर आज खरेदीखत करायला तुकडेबंदीची आडकाठी राहत नाही. बिगरशेती वापरासाठी नियोजनात आलेल्या क्षेत्रातले जुने तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याची तरतूद २०१७च्या दुरुस्तीने आली आणि तिच्या अटी पुढे आणखी सैल होत गेल्या. तुमचा गट अशा पट्ट्यात येत असेल तर प्रांत कार्यालयात चौकशी करा.

आता तुमची ढाल. १८८२च्या कायद्याचं कलम ५३-अ सांगतं की लेखी करार असेल, त्यावर देणाऱ्याची सही असेल, कराराप्रमाणे ताबा घेतला असेल आणि घेणाऱ्याने आपला भाग पुरा केला असेल किंवा करायची तयारी असेल, तर देणारा किंवा त्याचे वारस ताबा परत मागू शकत नाहीत. २४ सप्टेंबर २००१ नंतरच्या करारांना हे संरक्षण हवं असेल तर तो करार नोंदलेला लागतो. तुमचा कागद त्याआधीचा आहे, त्यामुळे ही अट त्याला लागू नाही. धाकट्या मुलाच्या वकिलांनी नोटिशीत हे कलम घेतलेलं दिसत नाही, यात नवल नाही.

करार पुरा करून मागण्याची मुदत संपली तरी ही ढाल शाबूत राहते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये शामराव सूर्यवंशी विरुद्ध प्रल्हाद सूर्यवंशी या प्रकरणात म्हटलं आहे. पण ढाल म्हणजे ढालच. तिच्या जोरावर तुम्ही मालकी जाहीर करून मागू शकत नाही, सातबारा बदलून घेऊ शकत नाही, बँकेचं कर्ज काढू शकत नाही. आणि वारसांनी जमीन तिसऱ्याला विकली, त्याने प्रामाणिकपणे पैसे मोजले आणि तुमच्या कराराची त्याला कल्पना नव्हती, तर त्याच्यापुढे ती चालत नाही. सुदैवाने जमिनीवर प्रत्यक्ष ताबा असणं हीच कायद्याने सूचना मानली जाते. म्हणून बांध स्पष्ट ठेवा, नावाची पाटी लावा, या हंगामात रान पडीक टाकू नका.

ज्याकडे तुमच्या घरात कोणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही, ती गोष्ट म्हणजे मुदत. करार पुरा करून मागण्याचा दावा, म्हणजे न्यायालयामार्फत खरेदीखत करून घेण्याचा दावा, तीन वर्षांत आणावा लागतो. ही तीन वर्षं कुठून मोजायची हे मुदत अधिनियम, १९६३च्या अनुच्छेद ५४ मध्ये आहे: करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, ठरली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून. कागदात ‘एक वर्षाचे आत’ असं लिहिलं असतं तर हा रस्ता केव्हाच बंद झाला असता. तुमच्याकडे ‘अडचण दूर होताच’ एवढंच आहे. ठरलेली तारीख म्हणजे कॅलेंडरवरची नेमकी तारीख, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये लावला. त्या हिशेबाने तुमची तीन वर्षं नोटीस मिळाल्या दिवसापासून सुरू होतात. समोरचे वकील मात्र म्हणतील की अडचण ऑगस्ट २०२३ मध्येच दूर झाली होती, तेव्हापासून मोजा. तसं मोजलं तर ऑगस्ट २०२६ मध्ये मुदत संपते. दोन्ही हिशेबांत बसेल अशा तऱ्हेने, म्हणजे ऑगस्ट २०२६च्या आत, दावा दाखल झालेला बरा. ‘ते कोर्टात गेले तर बघू’ हे धोरण तुमच्यासाठी सर्वांत महाग पडेल.

चुलतभावांचा बारा वर्षांचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. २०१९ पासून प्रतिकूल ताब्याच्या आधारावर मालकी जाहीर करून मागण्याचा दावाही आणता येतो. त्याआधीच्या काही निकालांत तो बचावापुरताच धरला होता. पण ताबा बारा वर्षांचा असून भागत नाही, तो मालकाच्या हक्काला न जुमानता असावा लागतो. ‘पुढे खरेदीखत करून देईन’ या वचनावर मिळालेला ताबा मालकाच्या परवानगीचा असतो. तो कितीही वर्षं टिकला तरी प्रतिकूल होत नाही. ‘कायमची विकली’ म्हणून दिलेला, पण नोंदणीअभावी अपुरा राहिलेला ताबा पहिल्या दिवसापासून प्रतिकूल असू शकतो. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच केला आहे. म्हणजे आलो पुन्हा त्याच दोन क्रियापदांवर. ‘दिली’वर भर दिला तर बारा वर्षांचा रस्ता उघडतो, ‘देईन’वर भर दिला तर कलम ५३-अ आणि करारपूर्तीचा. एकात तुम्ही म्हणता ‘मालक तेच होते, पण आम्ही त्यांना मानलं नाही’. दुसऱ्यात म्हणता ‘त्यांच्या शब्दावर आम्ही थांबलो’. एकाच अर्जात दोन्ही ठासून सांगितलं की दोन्ही पातळ होतं.

तुमच्या कागदाचा मजकूर पाहता करारपूर्ती आणि ५३-अ हा मुख्य रस्ता ठेवावा, प्रतिकूल ताबा फार तर पर्यायी मुद्दा म्हणून वकिलांनी जपून मांडावा, असं माझं मत आहे. म्हणूनच नोटिशीला उत्तर देताना ‘आम्ही वहिवाटीने मालक झालो आहोत’ हे वाक्य घाईने लिहू नका. ते वाक्य पुढे तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवलं जाईल.

दुसरा एक खड्डा. अनेकजण अशा वेळी फक्त मनाई हुकुमाचा दावा टाकतात: मालकीचं राहू दे, आमच्या वहिवाटीत हरकत नको एवढंच द्या. ते स्वस्त पडतं, लवकर होतं असं वाटतं. नोंदणी नसलेल्या कराराच्या आधारे जे सरळ मागता येत नाही ते मनाईच्या आडून मागता येणार नाही, असं २०२२ मध्ये बलरामसिंह विरुद्ध केलो देवी प्रकरणात ठरलं. तेव्हा दावा करारपूर्तीचा आणि त्याच्या पोटात तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, अशी मांडणी हवी. करारपूर्तीच्या दाव्यात कोर्ट फी करारातल्या मोबदल्यावर, म्हणजे ३३,००० रुपयांवर बसते, आजच्या बाजारभावावर नाही. हे ऐकून बऱ्याच जणांचा जीव भांड्यात पडतो.

आता स्टॅम्पकडे येऊ. नोंदणीपेक्षा इथेच जास्त प्रकरणं अडकतात. नोंदणी नसलेला दस्त निदान करारासाठी आणि आनुषंगिक कामासाठी तरी चालतो. पुरेसं मुद्रांक शुल्क न भरलेला दस्त महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे कशासाठीही पुराव्यात घेता येत नाही. कागदाला साठेखत म्हणा नाहीतर सौदापावती, ताबा दिलेला असला की त्यावर खरेदीखताइतकंच शुल्क लागतं. त्यामुळे तुमचा २० रुपयांचा स्टॅम्प नक्कीच अपुरा आहे. यावर उपाय आहे. मूळ कागद घेऊन सहजिल्हा निबंधक तथा मुद्रांक जिल्हाधिकारी यांच्याकडे जा. ते १९९६च्या बाजारमूल्यावर कमी पडलेलं शुल्क काढतील आणि दंड लावतील. दंड दरमहा २ टक्के, पण कमी पडलेल्या शुल्काच्या चौपटीपेक्षा जास्त नाही. २ टक्क्यांनी २०० महिन्यांत, म्हणजे १६ वर्षं ८ महिन्यांत चौपट होते, आणि तुमचा कागद तो टप्पा केव्हाच ओलांडून गेला आहे. समजा शुल्क २,००० रुपये कमी पडलं असेल, तर दंड जास्तीत जास्त ८,००० आणि एकूण १०,००० रुपये. यापुढे तो वाढणार नाही. दंडाची पावती आणि कागदावर त्यांचा शेरा मिळाला की न्यायालयात स्टॅम्पचा आक्षेप उरत नाही. मात्र त्यासाठी मूळ कागद हातात असणं महत्त्वाचं. मूळ कागद हरवला असेल आणि कपाटात नुसती प्रत असेल, तर ही वाट अवघड होते.

म्हणून मूळ कागद जपा. लॅमिनेशन करू नका, त्यामुळे शाई आणि अंगठ्याची तपासणी अवघड होते. घडीवर चिकटपट्टी लावू नका, पुसट अक्षरं गिरवू नका, जागा मोकळी आहे म्हणून एकही शब्द वाढवू नका. साध्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, दोन्ही बाजूंचं रंगीत स्कॅन काढा. मागची बाजू विशेष पाहा: तिथे मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का, अनुक्रमांक, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख असते. स्टॅम्प विकल्याची तारीख मजकुराच्या तारखेनंतरची निघाली तर समोरचे वकील बनावट कागदाचा मुद्दा तिथूनच सुरू करतील. तसं असेल तर ते आजच आपल्या वकिलांना सांगा, उलटतपासणीत त्यांना कळू देऊ नका.

मेहुण्यांची नोटरीची सूचना चांगल्या हेतूने आली असेल, पण ती बाजूला ठेवा. नोटरी समोर बसून सही करणाऱ्याची ओळख पटवतो. मालकी देण्याचा अधिकार त्याला नाही. आणि इथे सही करणारा माणूसच हयात नाही. १९९६च्या कागदावर आजचा नोटरीचा शिक्का उमटला तर कागद पक्का होणार नाही, संशयास्पद होईल. जुन्या तारखेचा शिक्का मिळवून देतो म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा.

तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी) नोंद घालण्याचंही तसंच. नोंदणी नसलेल्या खरेदीवर त्यांना फेरफार घालता येत नाही, आणि ओळखीने घातला तरी वारसांच्या हरकतीनंतर मंडळ अधिकारी तो रद्द करतील. फेरफार हा हक्क झाल्याची नोंद असते, हक्क तयार करत नाही. मात्र त्याच कार्यालयातून तुम्हाला खरी मदत वेगळ्या कागदांनी होईल. १९९६ पासूनचे हस्तलिखित सातबारे काढा. गाव नमुना १२ मध्ये पीक पाहणीत कसणारा म्हणून वडिलांचं नाव कुठे आहे ते पाहा. गाव नमुना ७-ब मध्ये मालकाखेरीज दुसऱ्याच्या वहिवाटीची नोंद असते. तिथे एकाही वर्षी नाव लागलं असेल तर ते सोन्याच्या मोलाचं. शेतसाऱ्याच्या पावत्या, पंपाची वीजबिलं, पाइपलाइनची आणि कलमांची खरेदीबिलं यांची वर्षवार थप्पी लावा.

कागदाला तीस वर्षं झाली की तो आपोआप खरा धरतात, असंही गावात बोललं जातं. अर्धं खरं आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ९२ प्रमाणे (जुन्या कायद्यात हे कलम ९० होतं) योग्य ताब्यातून आलेल्या, तीस वर्षं जुन्या दस्तावरची सही, अक्षर आणि साक्षांकन खरं असल्याचं न्यायालय गृहीत धरू शकतं. मे १९९६चा कागद मे २०२६ मध्ये तिथे पोचतो. साक्षीदार नसले तरी यामुळे कागद सिद्ध करणं सोपं जाईल. पण गृहीत धरलं जातं ते ‘हा कागद त्यांनीच लिहून दिला’ एवढंच. त्याने मालकी गेली, असं नाही.

आणि तरीही ८१ वर्षांच्या साक्षीदारांकडे याच आठवड्यात जाऊन या. कागद दाखवा, त्यांना काय आठवतं ते त्यांच्याच शब्दांत ऐका. शब्द पुरवू नका. प्रतिज्ञापत्र करून ठेवायला हरकत नाही, पण उलटतपासणी न झालेलं प्रतिज्ञापत्र फार लांब जात नाही. दावा दाखल होताच त्यांचं वय दाखवून साक्ष लगेच नोंदवण्याचा अर्ज करता येतो, प्रकृती बरी नसेल तर कोर्ट कमिशनरमार्फत घरीही. दावा लवकर दाखल करण्याचं हे आणखी एक कारण.

नोटिशीला वकिलांमार्फत मुदतीत उत्तर द्या. त्यात कराराची तारीख, पूर्ण रक्कम, ताबा, आणि खर्च आम्ही सोसून खरेदीखत करून घ्यायला तयार आहोत, हे असावं. ती तयारी पुढे दाव्यात सिद्ध करावीच लागते. शक्य असेल तर उत्तरातच तिन्ही वारसांना अमुक दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात या असं कळवा आणि त्या दिवशी खरोखर जाऊन हजेरीचा पुरावा ठेवा. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुम्हाला न ऐकता एकतर्फी मनाई मिळणार नाही. ते ९० दिवस चालतं, पुढे नवीन करावं लागतं.

महामार्गाच्या भूसंपादनात मोबदल्याचे दावे मागवणारी जाहीर सूचना निघते. सातबाऱ्यावर नाव नसलं तरी हितसंबंधित म्हणून तुम्ही दावा दाखल करू शकता. मोबदला कोणाला किती यावर वाद आहे, असं सक्षम प्राधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या कलम ३-ह(४) खाली तो वाद न्यायालयाकडे पाठवण्याची विनंती करा. नाहीतर रक्कम सातबाऱ्यावरच्या नावांच्या खात्यात जाईल आणि मग ती परत मिळवणं वेगळंच प्रकरण होऊन बसेल. संयुक्त मोजणीच्या दिवशी हजर राहा. आंब्याची झाडं, पाइपलाइन आणि प्रत्यक्ष ताबा कोणाचा, हे मोजणीच्या कागदावर लिहून घ्या.

अशाच इतर कागदांविषयीही विचारणा होत असते, म्हणून थोडक्यात. हाताने लिहिलेलं मृत्युपत्र नोंदणीशिवाय आणि स्टॅम्पशिवायही वैध असतं. त्याला करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार लागतात. स्थावराचं बक्षीसपत्र मात्र नोंदणी आणि दोन साक्षीदारांशिवाय निकामी. वाटणीपत्रात पुन्हा क्रियापदच निकाल लावतं. ‘या लेखाने आम्ही वाटून घेत आहोत’ असं असेल तर नोंदणी लागते. ‘गेल्या पाडव्याला तोंडी वाटणी झाली, तिची ही याद’ असं असेल तर लागत नाही; सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच हे सांगून ठेवलं आहे. पण नोंदणी टाळायला म्हणून ‘याद’ लिहिली आणि वाटणी प्रत्यक्षात झालीच नव्हती, तर पहिली बहीण उभी राहिली की ती कोसळते. मुलींच्या हिश्श्याविरुद्ध तोंडी वाटणीचा बचाव सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या निकालानंतर क्वचितच टिकतो.

शेवटी, कोर्टाआधी एकदा बोलणी करून पाहाच. नोटीस धाकट्याने पाठवली आहे. थोरला आणि बहीण गप्प आहेत, याचा अर्थ तेही त्याच्याबरोबर आहेत असा होत नाही. तडजोड ठरली तर तिघांच्या सह्यांचं नवीन, नोंदणीकृत खरेदीखत करून घ्या. जुना कागद आता नोंदणीला देता येत नाही. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत आणि दंड भरून आणखी चार महिन्यांतच घेतात. नवीन दस्ताला आजच्या रेडी रेकनरप्रमाणे मुद्रांक शुल्क आणि १ टक्का नोंदणी फी लागेल, फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये. वारसांना वर काही रक्कम द्यायची झाली तर ती बँकेतूनच द्या आणि दस्तात लिहा. १९९६चा कागद, तेव्हाची रक्कम आणि तेव्हापासूनचा ताबा यांचा उल्लेखही त्यात येऊ द्या. शुल्क वाचवायला कोणी ‘त्यांच्याकडून हक्कसोडपत्रच घ्या’ म्हणेल. हक्कसोड फक्त सहहिस्सेदाराच्या लाभात होते. तुम्ही सहहिस्सेदार नाही, त्यामुळे त्यावर खरेदीचंच शुल्क लागेल आणि वर फेरफाराला अडचण येईल.

बोलणी सुरू करताना बहिणीकडे आधी जा. तिची सही नसलेला दस्त तुमच्या हातात एक तृतीयांश भांडण ठेवून जाईल.